पेन्सिल सेलवर चाललेलं पाव शतक

माझ्याकडच्या सायॉन सीरिज ५एमएक्स या खिशात मावणाऱ्या संगणकाला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. १९९९ साली हे मॉडेल बाजारात आलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीला मी ते लंडनमध्ये, टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका दुकानात घेतलं. मी सिव्हिल इंजिनिअर. पुण्याच्या ऑफिसनं तिकडच्या एका कामासाठी काही महिने पाठवलं होतं. परत येताना बॅगेत सगळ्यात जपून आणलेली वस्तू हीच. आज निवृत्त झाल्यावरही माझं रोजचं लिहिणं तिच्यावरच होतं.

एवढी वर्षं ते टिकलं कसं, असं पुष्कळ जण विचारतात. खरं सांगायचं तर यंत्रासाठी मला फार काही करावं लागलं नाही. कष्ट गेले ते त्याच्या आजूबाजूचं जग जिवंत ठेवण्यात. त्याचे सेल, त्याचं मेमरी कार्ड, संगणकाशी बोलायची त्याची वाट, आणि मुख्य म्हणजे त्यात साठत गेलेलं मराठी.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. मिटलेलं असताना ते चष्म्याच्या मोठ्या डबीएवढं दिसतं. लांबी १७ सेंटिमीटर, रुंदी ९, सेल घालून वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. झाकण उघडायला लागलं की आतला कीबोर्ड स्वतःहून पुढे सरकतो आणि पडदा मागे रेलून टेकतो. ही बिजागरी मार्टिन रिडिफर्ड या ब्रिटिश डिझायनरची. स्पर्शाच्या पडद्यावर बोट किंवा स्टायलसची काडी दाबली की छोटं यंत्र मागे कलंडतं. कीबोर्ड पुढे सरकल्यामुळे तोल राहतो आणि ते टेबलावर घट्ट बसतं. बटणं खरी, खाली दबणारी. दोन्ही हातांनी, पडद्याकडे बघत, टाइपरायटिंग शिकलेल्या माणसाच्या वेगानं लिहिता येतं. खिशात मावणाऱ्या यंत्रावर असं लिहिता येणं मला त्याआधी माहीत नव्हतं, आणि नंतर घेतलेल्या कुठल्याच फोननं ते दिलं नाही.

आत ३६ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर आणि १६ एमबी मेमरी. आजच्या फोनमधल्या एका फोटोलाही एवढी जागा कधी कधी पुरत नाही. पण झाकण उघडलं की काल जिथे वाक्य सोडलं तिथेच कर्सर लुकलुकत असतो. सुरू व्हायला वेळ लागत नाही, मध्ये कुणाचा निरोप येत नाही. पडदा करड्या छटांचा, ६४० बाय २४० ठिपक्यांचा. घरात संध्याकाळी तो मंद वाटतो, हे खरंच आहे, आणि मागचा हिरवट दिवा लावला तरी फार फरक पडत नाही. उन्हात मात्र तो उजळतो. बाहेरच्या उजेडावरच तो वाचायचा असतो. साइटवर भर दुपारी लॅपटॉपवर हाताची सावली धरणारे सहकारी मी पाहिलेत; मी तेव्हा बांधावर बसून मोजमापं टिपत असे.

साइटवरच्या दिवसांतच हे यंत्र माझं झालं. त्यात ओपीएल नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा आधीपासूनच आहे. वेगळा संगणक लागत नाही, त्याच कीबोर्डवर लिहायचं आणि तिथेच चालवायचं. मी पहिला प्रोग्रॅम केला तो सळ्यांच्या वजनाचा. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन, हे सूत्र प्रत्येक साइट इंजिनिअरला झोपेतही येतं. १२ मिलिमीटरची सळी मीटरला ८८९ ग्रॅम, १६ची १ किलो ५८० ग्रॅम. प्रोग्रॅमला व्यास, कटिंग लेंथ आणि नग सांगितले की तो व्यासवार बेरीज करून देई. रत्नागिरी जिल्ह्यात एका छोट्या पुलाच्या कामावर पावसाळ्यात दोन दोन दिवस लाईट नसायची, तेव्हा ऑफिसातला संगणक नुसता झाकलेला असे आणि फिटर मुकादम माझ्याकडे येऊन म्हणे, "साहेब, तुमच्या डबीला विचारा, बीमला किती टन लागतंय." बार बेंडिंग शेड्यूलची, म्हणजे सळ्या कापण्या-वाकवण्याच्या तक्त्याची, ती फाइल आजही त्यात आहे आणि आजही चालते.

आता सेल. हे यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालतं, म्हणजे कुठल्याही टपरीवर मिळणाऱ्या सेलवर. पाव शतक टिकण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. त्या काळातली ज्यांची बॅटरी खास आकाराची होती ती यंत्रं बॅटरी फुगल्यावर किंवा मिळेनाशी झाल्यावर अडगळीत गेली. पण इथेही शिस्त लागते. लिहिलेलं सगळं साठतं ते मेमरीत, आणि वीज तुटली तर ती मेमरी पुसली जाते. म्हणून आत एक बटण सेल असतो, सीआर २०३२; पेन्सिल सेल बदलताना तो मेमरी धरून ठेवतो. दोन्ही एकाच वेळी बाहेर काढायचे नाहीत, हा पहिला नियम. बटण सेल दिसत नाही म्हणून त्याचा विसर पडतो, तेव्हा त्याला मी दिवस ठरवून दिला आहे. दरवर्षी खंडेनवमीला घरातली हत्यारं, टेप, लेव्हल पुसून मांडतो, पूजा होते, आणि पूजेनंतर सायॉनचा बटण सेल बदलतो. तो पूर्ण उतरलेला नसला तरी बदलतो.

पेन्सिल सेलमध्ये मी आधी साधे अल्कलाइन वापरले, मग चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड. दोघांत फरक आहे. अल्कलाइन नवा असताना दीड व्होल्ट देतो आणि हळूहळू उतरत जातो, चार्जिंगचा १.२ व्होल्टच्या आसपास बराच काळ थांबतो आणि शेवटी एकदम बसतो. त्यामुळे यंत्रातला सेलचा काटा चार्जिंगच्या सेलला खरं सांगत नाही. काट्याकडे न बघता ठरावीक दिवसांनी जोडी बदलणं हाच उपाय. सुरुवातीचे चार्जिंगचे सेल नुसते ठेवले तरी आपोआप रिकामे होत. २००५नंतर भरलेले राहणारे सेल आले आणि ती काळजी मिटली. रोज तास-दोन तास लिहिलं तर एक जोडी साधारण दोन आठवडे जाते. आणखी एक गोष्ट अनुभवानं सांगतो: यंत्र बरेच दिवस वापरायचं नसेल तर लिहिलेलं कार्डावर घ्यावं आणि सेल काढून ठेवावेत. अल्कलाइन सेल पाझरला की स्प्रिंगा हिरव्या होतात. कोकणच्या हवेत तर लवकरच.

हवेचा विषय निघालाच आहे तर बाहेरच्या मुलाम्याचं सांगतो. त्या काळी बऱ्याच वस्तूंना हाताला मऊ लागणारा रबरासारखा लेप असे. अशा लेपाला दमटपणा सोसत नाही. वर्षांनी तो चिकट होतो किंवा पापुद्रे धरतो, मग ती दुर्बीण असो, कॅमेरा असो की रेडिओ. माझ्या यंत्राचा लेप आधी कोपऱ्यांना गेला, मग बोटांना लागायला लागला. एका रविवारी मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घेऊन बसलो आणि तो पूर्ण उतरवला. कीबोर्डच्या फटीत एक थेंब जाऊ न देता, कापड ओलं करून, यंत्रावर न ओतता. खालचं प्लास्टिक साधं आणि टणक निघालं. पूर्वीइतकं देखणं नाही, पण हातात छान बसतं. पावसाळ्यात ते आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झोपतं.

सगळ्यात अवघड प्रसंग केबलचा. पडदा आणि मुख्य बोर्ड यांना जोडणारी पातळ पट्टीसारखी केबल बिजागरीतून वळून जाते. दर उघडझापीला ती वाकते, आणि वर्षानुवर्षं वाकणारी कुठलीही पट्टी शेवटी थकते. जुन्या सायॉनधारकांना हे ठाऊक असतं. लक्षण ओळखू येतं: आधी एका विशिष्ट कोनात पडद्यावर रेघा, मग झाकण थोडं पुढे-मागे केलं की रेघा जातात, मग एक दिवस त्या जातच नाहीत. माझ्याकडे रेघा दिसायला लागल्यावर मी दोन गोष्टी लगेच केल्या. मेमरीतलं सगळं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर घेतलं, आणि केबलचा शोध सुरू केला.

ज्या कंपनीनं हे बनवलं तिच्याकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. डेव्हिड पॉटर यांनी १९८० साली लंडनमध्ये सुरू केलेल्या सायॉननं २००१मध्येच असली खिशातली यंत्रं बनवणं थांबवलं होतं. तिची ईपॉक ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्र चालवणारी प्रणाली, मात्र पुढे जगली. ती फोनसाठी पुढे न्यायला १९९८ साली नोकिया, एरिक्सन यांच्यासोबत सिम्बियन ही वेगळी कंपनी निघाली आणि ज्यांनी आपल्याकडे नोकिया ६६०० वापरला त्यांनी याच घराण्यातली प्रणाली वापरली. पण सुटे भाग त्यामुळे मिळत नाहीत. ते मिळाले इंग्लंडमध्ये घरबसल्या ही यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडून. त्यांनी पाकिटात नवी केबल पाठवली, सोबत स्वतःच्या हातानं काढलेलं चित्र: कुठला स्क्रू आधी, कुठली कड उचलायची, केबल कुठे चिकटवायची आणि कुठे मोकळी सोडायची. तो कागद मी फाइलला लावून ठेवला आहे.

केबल घेऊन मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. पहिल्या दोन-तीन दुकानांत यंत्र हातात घेऊन, कौतुक करून परत दिलं. एका जिन्याखालच्या टेबलावर मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा बसला होता. त्यानं झाकण तीन-चार वेळा सावकाश उघडलं-मिटलं, कान लावून ऐकलं.

"काका, हे उघडताना काहीतरी पुढे सरकतंय."

"कीबोर्ड सरकतो. केबल त्या वळणातून जाते."

"म्हणजे जुन्या फोल्डिंगच्या फोनसारखं. ते मी पुष्कळ केलेत. पण याचं मॅन्युअल?"

मी चित्र पुढे ठेवलं. त्यानं ते आधी पूर्ण वाचलं, इंग्रजी शब्द मला विचारून घेतले, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर उचलला. मला हे फार आवडलं. काढलेला प्रत्येक स्क्रू त्यानं कागदावर त्याच जागी चिकटपट्टीनं लावला. जुनी केबल बाहेर आली तेव्हा भिंगाखाली तिची घडी दाखवली. तांब्याच्या दोन रेषा केसासारख्या चिरल्या होत्या. नवी बसवताना वळणाच्या जागी घडी पडू नये म्हणून गोलाई सोडली, जशी चित्रात होती. सगळं बसवून सेल घातले आणि पडदा लागला. त्यानं हिशोब सांगितला तो इतका कमी होता की मी भांडून जास्त दिले. "काका, मला शिकायला मिळालं ना," असं तो म्हणत होता. कसब असं गल्लीबोळात बसलेलं असतं म्हणून तर जुन्या वस्तू जगतात.

आता मराठीचं. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हा.

या यंत्रातल्या ईपॉकच्या आवृत्तीला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची समाईक संकेतपद्धत, कळत नाही. देवनागरी त्यात नाही. मी पर्याय म्हणून आयट्रान्स घेतलं, म्हणजे अविनाश चोपडे यांनी तयार केलेली रोमन अक्षरांत भारतीय भाषा लिहायची पद्धत. इंटरनेटवरच्या मराठी मंडळींमध्ये तेव्हा ती चांगली ओळखीची होती. तिच्यात छोटी टी म्हणजे त आणि मोठी टी म्हणजे ट. मोठा एन ण, मोठा एल ळ. 'केलं', 'झालं'चा अनुस्वार मोठ्या एमनं. प्रत्येक व्यंजनानंतर अ लिहावाच लागतो, 'घर'च्या शेवटीही. मध्येच इंग्रजी शब्द आला तर त्याच्या दोन्ही बाजूंना खुणा घालून तो वेगळा करायचा. आठवडाभर बोटं अडखळली, नंतर डोळ्यांना रोमन दिसेनासं झालं आणि मराठीच दिसायला लागलं. शिफ्टची खरी बटणं दोन्ही बाजूंना नसती तर हे जमलंच नसतं.

बाबांच्या आठवणी मी अशाच लिहून घेतल्या. ते देवरुखला प्राथमिक शाळेत शिक्षक होते. संध्याकाळी पडवीत ते बोलत आणि मी मांडीवर यंत्र घेऊन टिपत असे. रोमन अक्षरं बघून त्यांना आधी वाईट वाटलं. "मराठी इंग्रजीत लिहितोस?" मी त्यांना सांगितलं की यात ह्रस्व-दीर्घ वेगळे लिहावे लागतात, सुटका नाही. मग त्यांनी परीक्षा घेतली. "'विहीर' लिही. कुठली वि घातलीस? आणि ही?" पहिली ह्रस्व, दुसरी दीर्घ, असं दाखवल्यावर त्यांचं समाधान झालं. पुढे तेच मध्ये थांबून तपासायला लागले.

ही पद्धत किती शहाणपणाची होती हे मला खूप नंतर कळलं. त्याच वर्षांत मी संगणकावर देवनागरी फॉन्ट वापरून लिहिलेली पत्रं, अहवाल, सोसायटीचे ठराव होते. ते फॉन्ट युनिकोडचे नव्हते. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी आपापली. फॉन्ट गेला तशा त्या फाइली वाचता येईनाशा झाल्या, पडद्यावर नुसती विचित्र चिन्हं. त्यांतल्या काही अजून सुटलेल्या नाहीत. आयट्रान्समधला मजकूर म्हणजे साधी रोमन अक्षरं, कुठल्याही संगणकाला वाचता येणारी. सायॉनच्या वर्डमधून ती साधा टेक्स्ट म्हणून बाहेर काढली की झालं. आयट्रान्सचं युनिकोड करणारी साधनं आज फुकट मिळतात.

तरी हे एका बैठकीचं काम नव्हतं. सायॉन आणि संगणक यांच्यात आधी सिरियल केबल असे. नव्या संगणकांना ते पोर्टच नाही. यूएसबीचा जोड लावून बघितला. काही जोड चालतात, काही नाही. सायॉनबरोबर मिळालेलं विंडोजचं सॉफ्टवेअर जुन्या एक्सपीवर चालतं म्हणून एक जुना लॅपटॉप त्यासाठी ठेवला आहे. लिनक्सवर पीएलपीटूल्स नावाची मोफत साधनं आहेत, त्यांनीही जमतं. पण आता मी केबलच्या भानगडीत पडत नाही. कार्ड काढायचं, कार्ड रीडरमध्ये घालायचं, फाइल उचलायची. कार्ड लहान क्षमतेचं आणि जुन्या फॅट १६ पद्धतीनं फॉरमॅट केलेलं लागतं. अशी कार्डं आता दुर्मिळ, म्हणून जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांबरोबरची मिळाली की घेऊन ठेवतो.

रूपांतरानंतर प्रत्येक पान डोळ्यांखालून घातलं. 'तऱ्हा', 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा ऱ बघावा लागतो. 'बॅट', 'ऑफिस' यांवरचा अर्धचंद्र बघावा लागतो. खुणा न घातलेला इंग्रजी शब्द देवनागरीत भलतंच रूप घेऊन बसतो, तो दिसला की सुधारायचा. बाबांनी सांगितलेली माणसांची आणि वाड्यांची नावं मी बहिणीला वाचून दाखवली, कारण ती कशी लिहायची हे तिलाच नक्की ठाऊक. आता त्या सगळ्या आठवणी युनिकोडमध्ये आहेत, छापून भावंडांना दिल्या आहेत, आणि मूळ रोमन फाइलीही जशाच्या तशा ठेवल्या आहेत. उद्या एखाद्या शब्दाची शंका आली तर मूळ हाताशी हवं.

या वर्षांत काही कामं यंत्राकडून काढून घेतली. पूर्वी फोनशी इन्फ्रारेडनं जोडून त्यावर ईमेल बघत असे. तो काळ संपला. पत्ते आणि भेटींच्या नोंदी आता फोनवर आहेत, कारण त्या घरातल्या इतरांनाही लागतात. लिहिणं मात्र कुठेच हललं नाही. २०१८मध्ये रिडिफर्ड यांच्याच डिझाइनचा कीबोर्ड असलेलं जेमिनी हे अँड्रॉइडचं यंत्र आलं तेव्हा मी ते एका मित्राकडे हाताळून पाहिलं. देवनागरी त्यात सहज येते, कीबोर्ड छान आहे. पण त्याची बॅटरी आतली, आणि तिच्या आयुष्यावर त्या यंत्राचं आयुष्य अवलंबून. मी घेतलं नाही.

कुणाला आज असं जुनं यंत्र घ्यायचं असेल तर मी एवढंच तपासायला सांगेन. झाकण अगदी सावकाश उघडा आणि पडद्याकडे बघा. एखाद्या कोनात रेघ आली तर केबलचा खर्च धरा. सेलच्या खणातल्या स्प्रिंगा बघा. सगळी बटणं एकेकदा दाबा. काडी जागेवर आहे का बघा, ती सहज हरवते. ऑनलाइन लिलावात बोली लावण्याआधी विकणाऱ्याकडून पडदा लागलेला फोटो मागा. आणि घेणारच असाल तर दोन घ्या, एक सुट्या भागांसाठी.

माझ्याकडचं दुसरं यंत्र गेल्या वर्षी आलं, पडदा बंद असलेलं, कीबोर्ड मात्र नव्यासारखा. इंग्लंडहून आणखी एक केबल मागवून ठेवली आहे. तपकीर गल्लीतला मुलगा आता स्वतःच्या दुकानात बसतो. चित्राची झेरॉक्स त्याच्याकडे आहे. पावसाळा सुरू होण्याआधी यंत्र आणून द्या, म्हणाला आहे.